मेकॅनिकल की इलेक्ट्रिकल? आठवडाभरात ठरवायचंय

उन्हातली_सावली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

इंजिनिअरिंगला प्रवेश मिळतोय, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल दोन्ही शाखा हाताशी आहेत आणि आठवड्यात एक नक्की करून कळवायची आहे. भौतिकशास्त्र मला मनापासून आवडतं. फिरत्या वस्तूंचं गणित, जडत्व वगैरे आलं की तासभर कसा गेला कळत नाही. चुंबकत्व आणि विद्युतक्षेत्र पण आवडतं, पण तिथे थोडी भीतीही वाटते, उत्तर बरोबर येतं आणि तरी आपल्याला खरंच कळलंय का याची खात्री नसते.

घरीदारी ज्याला विचारावं तो स्कोप सांगतो. स्कोप मला नको आहे, तो दर चार वर्षांनी बदलतो एवढं मलाही दिसतंय. मला विचारायचंय ते असं की आत शिरल्यावर हे विषय कसे असतात, तुम्ही सकाळी कामाला गेल्यावर हातात नेमकं काय घेता, आणि दुसरी शाखा घेतली असती तर बरं झालं असतं असं कधी वाटलं का?

वंगण

मेकॅनिकल. डोळे मिटून घे.

ओहमकार

वंगणकाका, डोळे मिटून तर आमची शाखा शिकावी लागते! तुमच्याकडे गिअर दिसतो, शाफ्ट दिसतो, गळती असेल तर तेलाचा डाग दिसतो. आमच्याकडे तांब्याची तार आहे, तिच्यातून काही जात नसताना ती जशी दिसते तशीच शंभर अँपिअर जात असतानाही दिसते. जे काही घडतंय ते मीटरच्या काट्यावर नाहीतर ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर, बाकी सगळं डोक्यात उभं करायचं.

सावली, तुला ती भीती वाटते ना, उत्तर आलं पण कळलं का, ती आम्हा सगळ्यांना वाटायची. माझी कधी गेली ते सांगतो. दुसऱ्या वर्षाला थ्री फेज मोटर शिकवत होते. तीन गुंडाळ्या, एकमेकींपासून १२० अंशांवर बसवलेल्या, आणि तिघींतला करंटही एकमेकांच्या १२० अंश मागे. प्रत्येक गुंडाळीचं चुंबकत्व आपल्या जागी नुसतं कमीजास्त होतं, पुढे-मागे, पुढे-मागे, एकही जागची हलत नाही. आणि सर म्हणाले की तिघींची बेरीज केली की गोल फिरणारं क्षेत्र मिळतं. मला पटेना. रात्री चौकटीचा कागद घेऊन बसलो आणि ० अंशाला, ३० ला, ६० ला, ९० ला असे तिन्ही बाण काढून बेरीज करत गेलो. दरवेळी उत्तराच्या बाणाची लांबी तेवढीच, एकाच्या दीडपट, आणि बाण दरवेळी ३० अंश पुढे. लोखंड जागेवर, तांबं जागेवर, आणि तरी मधल्या पोकळीत काहीतरी फिरतंय! बाराव्या बाणाला मी आईला उठवून दाखवलं होतं, तिला त्यातलं काही कळलं नाही पण ती माझ्याकडे बघून हसली.

मी आजही मोटर बघितली की तो कागद आठवतो. असलं काहीतरी आवडणार असेल तर ये इकडे.

तिसरीफेज

+१ ओहमकारदादा. तो कागद प्रत्येकाने एकदा काढलाच पाहिजे.

लेथवरची_ताई

मेकॅनिकलमध्ये सगळं दिसतं हे मात्र मला मान्य नाही. दिसतो तो आकार. त्या शाफ्टच्या आत ताण कुठे साठलाय ते दिसत नाही, आणि माणसं जातात ती त्या न दिसणाऱ्या ताणामुळे. कॉमेट नावाची प्रवासी जेट विमानं होती, १९५४ मध्ये जानेवारीत एक आणि एप्रिलमध्ये एक अशी दोन हवेतच फुटली. शेवटी एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून आत पुन्हा पुन्हा दाब भरून-सोडून बघितलं तेव्हा कळलं की प्रत्येक उड्डाणात केबिन फुगते, उतरताना सैल होते, आणि पत्र्यात कापलेल्या भोकांच्या कोपऱ्यांपाशी चीर वाढत जाते. एका वेळचा दाब धोक्याचा नव्हता. तोच दाब हजारो वेळा आला म्हणून पत्रा दमला. याला आम्ही फटीग म्हणतो. हा धडा ज्या दिवशी शिकले त्या दिवसापासून कुठल्याही धातूच्या वस्तूचा आतला कोपरा मी आधी बघते, गोलाई दिलीय का टोकदार सोडलाय.

आता सावली, तू विचारलंस सकाळी हातात काय घेता. मी ड्रॉइंग घेते. बावीस वर्षं मशीनचे भाग डिझाइन करणं आणि बनवून घेणं हेच काम. समजा ४० मिलिमीटरचं भोक आहे आणि त्यात शाफ्ट बसवायचाय. ड्रॉइंगवर एच-सेव्हन लिहिलं की त्याचा अर्थ भोक ४० पेक्षा लहान चालणार नाही आणि मोठं झालं तर फार तर २५ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. आता एवढं अचूक मागायचं की सैल ठेवायचं हा निर्णय माझा. गरज नसताना अचूक मागितलं तर लेथवरच्या माणसाचा दिवस वाया जातो, आणि गरज असताना सैल सोडलं तर सहा महिन्यांनी मशीन थरथरायला लागतं. कुठल्याही पुस्तकात हे पूर्ण मिळत नाही, बनवणाऱ्या माणसाशेजारी उभं राहून शिकावं लागतं.

पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये फायलिंग असतं. लोखंडाचा चौकोनी तुकडा व्हाइसमध्ये धरून कानशीने घासायचा आणि गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. गुण्या आणि तुकडा यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की परत घासा. तीन दिवस माझी रेघ जाईना, तळहाताला फोड. चौथ्या दिवशी उजेड बंद झाला. तो तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून ठेवते.

मुलगी आहेस म्हणून कुणी वर्कशॉपचं भय घातलं तर ऐकू नकोस. मलाही घातलं होतं. मशीनला हात कुणाचा आहे हे कळत नाही, हात बरोबर आहे की नाही एवढंच कळतं.

कोराकागद

ताई, शेवटचा परिच्छेद कापून ठेवतोय, बहिणीला दाखवायला.

माझा एक प्रश्न याच धाग्यात विचारू का? मला गणित जड जातं. मेकॅनिकलला गणित कमी असतं असं ऐकून तिकडेच जायचं म्हणतोय, बरोबर आहे का?

द्रवगती

नाही रे बाबा, या समजुतीवर शाखा घेऊ नकोस. मी पंप आणि पाइपलाइनमधलं प्रवाहाचं काम करतो. पाणी कसं वाहतं याची समीकरणं नेव्हिए आणि स्टोक्स यांच्या नावाने ओळखली जातात, एकोणिसाव्या शतकातली आहेत, आणि त्यांची उत्तरं नेहमी नीट, गुळगुळीत राहतात का हे आजपर्यंत कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. २००० साली गणितातले सात मोठे प्रश्न बक्षीस लावून जाहीर झाले त्यात हा एक आहे. नळ थोडा उघडला की धार काचेसारखी पडते आणि आणखी उघडला की खळबळते, त्या खळबळीचं गणित अजून माणसाला पुरतं आलेलं नाही.

फरक आहे तो गणित कुठे भेटतं याचा. इलेक्ट्रिकलला सुरुवातीच्या वर्षांतच काल्पनिक संख्या, लाप्लास, फूरिए असं सगळं अंगावर येतं आणि त्याशिवाय पुढचं पान उलटत नाही. मेकॅनिकलला ते थोडं उशिरा आणि वेगवेगळ्या दारांनी येतं, उष्णतेतून, कंपनातून, प्रवाहातून. पण येतंच.

ओहमकार

कोराकागद, थोडा धीर देतो. मायकेल फॅराडे बुकबाइंडरकडे उमेदवारी करणारा मुलगा, शाळा नावापुरती, गणित जवळजवळ नाहीच. १८३१ मध्ये त्याने लोखंडी कड्यावर दोन गुंडाळ्या करून एकीतला करंट चालू-बंद केला की दुसरीत क्षणभर करंट येतो हे दाखवलं. आजचे ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर तिथून आले. तो रेषा काढून विचार करायचा, चुंबकाभोवती लोखंडाचा कीस पसरला की दिसतात तशा. त्या रेषांना समीकरणात मॅक्सवेलने १८६५ च्या निबंधात बसवलं. म्हणजे चित्र आधी आलं, गणित तीसेक वर्षांनी आलं. तुला चित्र दिसत असेल तर गणित मेहनतीने येईल. पण गणित टाळता येईल अशी शाखा यांपैकी एकही नाही, हे द्रवगती म्हणतायत ते खरंय.

दोन्हीकडचा

मी मेकॅनिकल करून पुढचं शिक्षण कंट्रोल सिस्टिममध्ये घेतलं, त्यामुळे दोन्ही बाजूंचं थोडं बोलतो.

मेकॅनिकलच्या कंपनाच्या तासाला स्प्रिंगला वजन टांगलेलं असतं आणि शेजारी डॅम्पर. वस्तुमान गुणिले त्वरण, अधिक घर्षण गुणिले वेग, अधिक स्प्रिंगचा ताठपणा गुणिले सरकलेलं अंतर, बरोबर बाहेरचा जोर. इलेक्ट्रिकलवाल्यांच्या वर्गात डोकावलो तर फळ्यावर कॉइल, रेझिस्टर आणि कपॅसिटर. वस्तुमानाच्या जागी कॉइल, घर्षणाच्या जागी रेझिस्टर, अंतराच्या जागी विद्युतभार, आणि समीकरण अक्षर न् अक्षर तेच! कॉइलला करंट बदललेला आवडत नाही, जड वस्तूला वेग बदललेला आवडत नाही. मी वर्गाच्या दारात उभा राहून फळा उतरवून घेतला होता.

म्हणून सावली, तुला फिरत्या वस्तूंचं जडत्व आवडतं म्हणालीस ना, ते तुला कॉइलमध्ये परत भेटेल. इकडे आलीस म्हणून ते सुटलं असं होत नाही.

भरधाव

सगळं छान आहे पण खरं बोलूया. गाड्या इलेक्ट्रिक होतायत. इंजिन गेलं की पिस्टन, व्हॉल्व्ह, क्रँकशाफ्ट, सायलेन्सर सगळं गेलं. पेट्रोल इंजिन चांगल्यात चांगलं म्हणजे इंधनातली ३५-४० टक्के ऊर्जा चाकाच्या कामी लावतं, मोटर ९० च्या पुढे जाते. मेकॅनिकल घेऊन काय पुरातन वस्तू सांभाळायच्या का? सरळ इलेक्ट्रिकल घ्या.

गिअरबॉक्स_आतून

भरधाव, मी इलेक्ट्रिक गाड्यांच्याच गिअरबॉक्सवर काम करतो आणि मी मेकॅनिकलचा आहे. थोडं ऐकून घे.

मोटर मिनिटाला पंधरा हजार फेऱ्या मारते, चाकाला एवढ्या नकोत, मग साधारण नऊ-दहा पट वेग कमी करायला गिअर लागतातच. पूर्वी इंजिनाच्या आवाजात गिअरची शीळ बुडून जायची. आता गाडी शांत, त्यामुळे दाताच्या पृष्ठभागावर चार-पाच मायक्रॉनची लहर असली तरी आत बसलेल्याला ऐकू येते. आम्ही आज गिअरचे दात घासतो तसे मी नोकरीला लागलो तेव्हा कुणी घासत नव्हतं. मग बॅटरी. तिला साधारण १५ ते ३५ अंशांत बरं वाटतं, त्याच्या फार वर ठेवली तर आयुष्य घटतं, फार खाली गेली की नीट चार्ज होत नाही. शेकडो सेलमध्ये एकसारखा थंडावा पोचवायचा म्हणजे उष्णतावहन आणि प्रवाह, तेही दर्दी मेकॅनिकलचं काम. अपघातात बॅटरीची पेटी चेपू नये हे कोण बघतं? 

इंजिनाचं काम घटेल, नाही म्हणत नाही. माझे दोन मित्र इंजिनाच्या विभागातून बाहेर पडून नव्याने शिकले, सोपं गेलं नाही त्यांना. पण "मेकॅनिकल म्हणजे इंजिन" हे समीकरणच चुकीचं आहे.

आणि टक्केवारीचं म्हणशील तर वीज तयार कुठे होते तेही बघ. वाफेवर चालणाऱ्या केंद्रात उष्णतेची वीज होताना पुन्हा तीच मर्यादा आडवी येते, कार्नोने १८२४ मध्ये सांगून ठेवलेली. वाफ ६०० अंश सेल्सिअस आणि थंड बाजू ३० अंश धरली तर निसर्ग ६५ टक्क्यांच्या वर एक टक्काही देत नाही, आणि प्रत्यक्षात चाळिशीच्या आसपास मिळाले तरी खूप.

भरधाव

ही शीळेची गोष्ट माहीत नव्हती. पटलं, शब्द मागे घेतो. पवनचक्कीचंही असंच असणार मग?

गिअरबॉक्स_आतून

अगदी. मोठी पाती मिनिटाला दहा-वीस फेऱ्या मारतात, आणि बऱ्याच जनरेटरना पंधराशेच्या आसपास लागतात. काही डिझाइनमध्ये मधे गिअरबॉक्स असतो, काहींमध्ये गिअर काढून जनरेटरच थोराड करतात. कुठलं बरं यावर आमच्याकडे दोन्ही शाखांचे लोक अजून भांडतात.

शांतमोटर

बेअरिंगचा किस्सा सांगते, कारण शाखा कुठे संपतात हा प्रश्न मला त्यातून कळला.

एका कारखान्यात देखभाल विभागात होते, मी इलेक्ट्रिकलची. एका मोठ्या ब्लोअरच्या मोटरचं बेअरिंग दर चार महिन्यांनी जायला लागलं. आधी वर्षानुवर्षं काही नव्हतं. बेअरिंग म्हणजे मेकॅनिकलचं, म्हणून त्यांनी अलाइनमेंट तपासलं, डायल गेज लावून काट्यावर काटा आणला. पुन्हा गेलं. ग्रीस बदललं, पुन्हा गेलं. बेअरिंगची कंपनी बदलली, तरी तेच. मीटिंगमध्ये आवाज चढायला लागले. आमचा विभाग म्हणे मोटर उत्तम आहे, रीडिंग बघा, आणि रीडिंग खरंच उत्तम होती.

शेवटी मेकॅनिकलचे एक ज्येष्ठ सहकारी होते, त्यांनी गेलेलं बेअरिंग फेकू दिलं नाही. बाहेरची रिंग कापून मला बोलावलं, म्हणाले, "पोरी, हे बघ, हे माझ्याकडचं वाटत नाही." ग्रीस काळंठिक्कर पडलेलं. ते पुसल्यावर रिंगच्या आतल्या बाजूला, गोळ्या धावतात त्या वाटेवर, नालीदार पत्र्यासारखे आडवे पट्टे, एकाला एक लागून, सारख्या अंतरावर. धक्क्याने किंवा घाणीने असं होत नाही, ते वेडंवाकडं असतं.

मग मी आठवायला लागले की हा त्रास सुरू होण्याआधी आपण इथे काय बदललं. व्हीएफडी बसवला होता, वेग कमीजास्त करता यावा म्हणून. व्हीएफडी वीज सरळ देत नाही, सेकंदाला हजारो वेळा तोडून तोडून देतो, आणि त्यामुळे मोटरच्या शाफ्टवर व्होल्टेज साठत जातं. त्याला जमिनीकडे जायला वाट हवी असते, ती मिळते बेअरिंगमधून. ग्रीसचा थर इतका पातळ की ठिणगी त्यातून उडी मारते, दरवेळी रिंगवर सुईच्या टोकाहून बारीक खड्डा, आणि खड्डे साठत साठत ते पट्टे. आम्ही शाफ्टला टेकणारा एक ब्रश बसवला, म्हणजे विजेला सरळ वाट मिळाली, आणि मागच्या बाजूला विद्युतरोधक थर असलेलं बेअरिंग घातलं. मी नोकरी सोडेपर्यंत तरी ते परत गेलं नाही.

बेअरिंग त्यांचं, ठिणगी आमची. त्यांना पट्टे ओळखता आले नसते, किंवा मला व्हीएफडी आठवला नसता, तर अजून बेअरिंगंच बदलत बसलो असतो. सावली, कुठलीही घे, पण दुसऱ्या शाखेच्या माणसाच्या शेजारी बसायची सवय पहिल्या वर्षापासून लाव.

द्रवगती

वा शांतमोटरताई! आमच्याकडचा उलटा किस्सा आहे, छोटा आहे. नवा पंप चालू केला, पाणी येतंय पण दाब येत नाही. आम्ही मेकॅनिकलवाल्यांनी सक्शन बघितलं, गाळणी काढून धुतली, पंप उघडून इंपेलर बघितला, दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी एक वायरमन दादा आले, पंपावरच्या बाणाकडे बघितलं, फिरत्या कपलिंगकडे बघितलं आणि म्हणाले, उलटा फिरतोय. तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल, पाच मिनिटं, दाब आला. सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी पाणी पुढेच ढकलतो, नुसतं कमी ढकलतो, म्हणून शंका येत नाही.

खांबावरचा

मी सबस्टेशनमध्ये आहे, लिहायची सवय नाही, पण न दिसण्याचा विषय निघाला म्हणून एक सांगतो. आम्ही लाइन बंद केली, कुलूप घातलं, टॅग लावला, तरी हात लावत नाही. आधी टेस्टर चालू लाइनवर लावून बघतो की टेस्टर चालतोय. मग बंद लाइनवर. मग परत चालू लाइनवर, म्हणजे मधल्या वेळात टेस्टर बिघडला नाही ना. मग अर्थिंग, आणि मग हात. नवीन मुलं म्हणतात एवढं कशाला. वीज बंद आहे की टेस्टर बंद आहे हे दिसायला सारखंच असतं, एवढंच मी त्यांना सांगतो. ज्याला असं तिनदा बघायचा कंटाळा नाही त्याने या शाखेत यावं.

लेथवरची_ताई

खांबावरचे दादा, सवय नाही म्हणता आणि धाग्यातलं सगळ्यात मोलाचं लिहून गेलात. लिहीत जा हो.

मेघमल्लार

मेकॅट्रॉनिक्स नावाची शाखाच घ्यावी ना मग, दोन्ही मिळतं.

दोन्हीकडचा

मिळतं, पण चार वर्षं तीच आहेत. दोन्ही अर्धं अर्धं झालं तर उष्णतेचा दुसरा नियम पण पक्का नाही आणि मॅक्सवेलपण पक्का नाही अशी अवस्था होऊ शकते. माझं मत असं की एक पाय घट्ट रोवावा आणि दुसरा नंतर टाकावा. अभ्यासक्रम नीट बघून घेतला तर मेकॅट्रॉनिक्सही वाईट नाही, माझे काही चांगले सहकारी तिथलेच आहेत. सावलीच्या यादीत ती नाहीये म्हणून इथे थांबतो.

कोडवाली

मी इलेक्ट्रिकल करून सॉफ्टवेअरमध्ये आले, अनेक जण येतात दोन्हीकडून. वाया गेलं असं मला वाटत नाही. कंट्रोल सिस्टिममध्ये शिकले की मोजमाप उशिरा पोचलं आणि त्यावर जोरात दुरुस्ती केली की यंत्रणा डोलायला लागते. सर्व्हरवर भार वाढला की नवे सर्व्हर चालू करायचे, कमी झाला की बंद, हे आमचं काम, आणि ते तसंच डोलत होतं. सगळे जण कोडमध्ये चूक शोधत होते. मला वर्गातला तो डोलणारा आलेख आठवला, उशीर मोजला, दुरुस्ती हळू केली, थांबलं. पण सावली, दुसरी शाखा घ्यायला हवी होती असं वाटलं का असं विचारलंस ना, हो, मला वाटलं. हाताने काही बनवलं नाही याची रुखरुख आहे. हल्ली शनिवारी सुतारकाम शिकतेय.

वंगण

मी पहिल्याच दिवशी एका ओळीत उत्तर देऊन गेलो, पोरीने एवढं मनापासून विचारलं होतं, तसं करायला नको होतं. आता नीट लिहितो.

सावली, घरात जुना टेबल फॅन असेल तर तो उघड. प्लग काढून, आणि कुणातरी जाणत्याला शेजारी बसवून, कारण आत कपॅसिटर असतो आणि प्लग काढला तरी त्याच्यात वीज उरू शकते. त्या एका पंख्यात दोन्ही शाखा आहेत. मागच्या बाजूला मोटरच्या शाफ्टवर वर्म म्हणजे स्क्रूसारखे आटे आहेत, ते एका चाकाला फिरवतात, वेग कमी होतो, मग एक क्रँक आणि एक दांडी, आणि पंखा मान हलवतो. पुढच्या बाजूला मोटर, दोन गुंडाळ्या, एक कपॅसिटर. तुझं लक्ष कुठे जास्त वेळ राहतं ते बघ. तासभर घड्याळाकडे बघू नकोस. मग इथे येऊन सांग.

तिसरीफेज

काय सुंदर सुचवलंत काका.

उन्हातली_सावली

सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. शांतमोटरताईंचे पट्टे आणि खांबावरच्या दादांचा टेस्टर मी वहीत लिहून ठेवलाय.

काका, पंखा उघडला. मामा इलेक्ट्रिशियन आहे, त्याला बोलावलं. आधी मान हलवायची बाजू उघडली. वर्म मी हाताने फिरवला, खूप फेऱ्या झाल्या तेव्हा कुठे क्रँकची एक फेरी झाली, आणि मोटर स्वतःच त्या यंत्रातली एक दांडी आहे हे लक्षात आलं तेव्हा एकटीच टाळी वाजवली. उलटं करून बघितलं, चाक धरून वर्म फिरवायला गेले, फिरेना. ते का ते पण कागदावर काढल्यावर कळलं, आट्यांचा उतार इतका कमी आहे की घर्षण पुरून उरतं. छान वाटलं, समाधान झालं.

मग मामाने पाती काढली, कपॅसिटरची तार सोडवून ती उघडी टोकं नीट बंद केली आणि पंखा चालू केला. नुसता घुंsss असा आवाज, शाफ्ट हलेना. मामा म्हणाला आता बघ, आणि पेन्सिलीच्या रबराने शाफ्टला एक चापटी दिली. सुरू झाला. बंद केला, परत चालू केला, आणि या वेळी उलट्या बाजूला चापटी दिली, तर उलटा फिरायला लागला! तेवढ्याच जोमात! आम्ही दहा वेळा केलं. म्हणजे त्याला फिरता येतं, दोन्हीकडे येतं, फक्त आपणहून सुरू होता येत नाही. असं का? रात्री दोनपर्यंत जागी होते. मामाला पण माहीत नाही, तो म्हणतो असंच असतं.

ओहमकार

मामांना माझा नमस्कार सांग!

कपॅसिटर सोडवला की करंट एकाच गुंडाळीत उरतो, तिचं क्षेत्र जागेवर कमीजास्त होतं, फिरत नाही. आता गंमत अशी की जागेवर कमीजास्त होणारा एक बाण म्हणजे विरुद्ध दिशांना फिरणाऱ्या दोन निम्म्या लांबीच्या बाणांची बेरीज. कागदावर काढून बघ, आडवे भाग एकमेकांना खोडतात, उभे भाग मिळतात. म्हणजे आत दोन फिरती क्षेत्रं आहेत, एक उजवीकडे ओढतंय, एक डावीकडे. शाफ्ट थांबलेला असताना दोन्ही ओढ सारखी, म्हणून घुंsss. तू एका बाजूला चापटी दिलीस की त्या बाजूच्या क्षेत्राची ओढ वाढते, दुसऱ्याची कमी होते, आणि तो निघाला. कपॅसिटर दुसऱ्या गुंडाळीतला करंट पुढे सरकवून आधीच ठरवून टाकतो की कुठल्या बाजूला जायचं.

उन्हातली_सावली

बाण काढले. सहा पानं झाली. खरंच खोडतात.

मी इलेक्ट्रिकल कळवतेय. मान हलवायचं यंत्र मला कळलं आणि मी शांत झाले, मोटर कळली तरी मी शांत झाले नाहीये, एवढंच कारण आहे. दुसरी गुंडाळी ९० अंशांवर न ठेवता ६० वर ठेवली तर काय होईल ते आता काढून बघणार आहे.

लेथवरची_ताई

खूप शुभेच्छा ग. फक्त एक बोलू का? जे एका बैठकीत कळलं आणि आवडलं, ते सोपं म्हणून कमी समजू नकोस. वर्म उलटा का फिरत नाही हे कुणी न सांगता कागदावर काढणारी मुलगी आमच्याकडे आली असती तर मला फार आनंद झाला असता. पहिल्या वर्षी वर्कशॉप तुलाही असेल, तेव्हा फायलिंग मन लावून कर.

उन्हातली_सावली

ताई, करीन. उजेडाची रेघ जाईपर्यंत करीन.

वंगण

निर्णय छान घेतलास. मी मेकॅनिकल म्हणालो होतो, तरी छान. पंखा परत जोडलास का?

उन्हातली_सावली

जोडला काका. वारा छान येतो, पण मान हलत नाही. वरचा नॉब दाबला तरी नाही.

गिअरबॉक्स_आतून

नॉबच्या दांडीला आडवं भोक असतं, त्यात स्टीलची बारीक गोळी बसते. नॉब दाबला की ती चाकाच्या खाचेत अडकते आणि चाक दांडीला घेऊन फिरतं. उघडताना ती उडाली असणार. जमिनीवर शोध, चुंबक फिरव.

उन्हातली_सावली

सापडली! पलंगाखाली होती, चुंबकालाच चिकटून आली. एकच असते का?

वंगण

मी उघडलेल्या बहुतेक पंख्यांत दोन होत्या, मधे छोटी स्प्रिंग. परत एकदा चुंबक फिरव.